भिंतीला खिळा मारायचा नाही

"खालचं भाड्यानं द्या सर, त्यातनंच हप्ता सुटतोय," एजंट म्हणाला, आणि मी घरमालक झालो. इतकं सोपं असतं ते. पुढचं सगळं अवघड.

घर बेळगावात, शहापुरातल्या अरुंद बोळात. वर मी आणि आई. खाली एक लांब खोली आणि मागं मोरी. त्या खोलीत पूर्वी साडीचा माग होता. माग गेला, पण विणणाऱ्यानं पाय सोडून बसायचा खड्डा राहिला. गवंड्यानं तो विटांच्या तुकड्यांनी भरला, वर फरशी घातली आणि म्हणाला, "अण्णा, आता हत्ती नाचवा." हत्तीची गरजच पडली नाही. पहिल्या पावसाळ्यात फरशी आपली आपणच खाली बसली. गवंडी आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "माती हाय, बसतीच की ओ." जणू मीच तिला बसायला सांगितलं होतं. परत उकरलं, परत भरलं. मग भिंतीला ओल आली. खरवडून पुट्टी मारली, तिचे पापुद्रे सुटले, परत मारली. शेवटी भिंत अशी गुळगुळीत झाली की कॉलेजात शिकवून आलो की मी आधी खाली जाऊन तिच्यावर हात फिरवायचो. आई म्हणाली, "एवढा हात कुत्र्यावर फिरवला असतास तर त्यानं शेपूट तरी हलवलं असतं."

मी भाडेकरूंसाठी नियम केला. भिंतीला खिळा मारायचा नाही. बाकीचे नियम सुचतील तसे करू म्हटलं.

मग माणसं घर बघायला यायला लागली. खाली खोली बघायची, वर येऊन बोलायचं. नळाला पाणी रोज येत नाही, ते कसं लपवायचं याची मी तयारी करून ठेवली होती. पाण्याचं कुणी विचारलंच नाही. आमचं आडनाव गावावरनं पडलेलं, त्यातनं काही कळत नाही, म्हणून माणसं फिरून फिरून विचारायची.

"मूळचं कुठलं तुमी?"

"निपाणीचे."

"निपाणीत कुठं?"

मी भाग सांगायचो.

"व्हय व्हय. तिथं कुठली गल्ली?"

तोंडी परीक्षेत मी पोरांना इतकं विचारत नाही. तेवढ्यात पाहुण्यांची नजर भिंतीवरच्या फोटोवर जायची. निळा कोट, जाड चष्मा, हातात संविधान. आम्ही बौद्ध, फोटो ते सांगतोच. मग गल्लीचं राहून जायचं. आई चहा आणायची, आणि पाहुण्यांना एकदम उपास आठवायचा. सोमवारी उपास, मंगळवारी उपास. एकानं बुधवारी सांगितला तेव्हा आई भरलेले कप उचलत म्हणाली, "बेळगावातलं देव लई कडक झाल्यात बाबा."

खाली खोली रिकामी, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नव्हता. एके दिवशी एजंट हळूच म्हणाला, "राग मानू नका सर. तेवढा फोटो आत घ्या. घर लागलं की परत लावा."

मी त्याला म्हणालो, "आधी तू बाहेर हो." आणखीही बरंच म्हणालो. आई मेथी निवडत ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर भिंतीवर नुसता खिळा.

"आई, फोटो कुठाय?"

"आत ठेवलाय. घर लागूपतोर."

"मला असलं घर लावायचं न्हाय."

"हप्ता कोण भरणार, तुझी पुट्टी?" आई म्हणाली. "तंबाखूच्या धुरळ्यात बिड्या वळून मी आणलाय त्यो फोटो. मी लावला, मीच काढला. तू मधी पडू नगंस."

मला संताप आला आणि रडूही आलं. जेवलो नाही. आई जेवली, पण त्या दिवसापासून ती त्या भिंतीकडं पाठ करून बसायला लागली.

नंतर एक जोडपं आलं. खानापूरकडचं, बाई दवाखान्यात नर्स, नवरा बँकेत. त्यांचंही आडनाव गावावरनंच. पुढचं मी विचारलं नाही, त्या प्रश्नांची माझी हौस फिटली होती. बाईनं विचारलं, "नळाला पाणी कवा येतंय?" मला इतका आनंद झाला की तयार केलेली थापच विसरलो.

आई म्हणाली, "आठ दिवसांनी. त्ये बी त्याच्या मनात आलं तर."

दोघं हसली. दोघांनी चहा घेतला, आणि बाई कप विसळायला उठली. मी खिळ्याचा नियम सांगितला. नवरा मान हलवून म्हणाला, "बरं सर."

सामान आलं त्या संध्याकाळी बाई वर येऊन दारात उभी राहिली.

"सर, एकच खिळा मारला तर चालंल का?"

मी पुट्टीची सगळी कहाणी सांगितली. दोनदा मारली तेही सांगितलं. "कॅलेंडर चिकटपट्टीनं लावा की," म्हणालो.

"कॅलेंडर न्हाय सर. फोटो हाय." तिनं आमच्या मोकळ्या भिंतीकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. "आधीच्या मालकांनी भिंतीवर नगं म्हणून सांगितलंतं. तवापासनं ट्रंकंतच हाय. तुमचं बी तसंच असंल तर राहू दे. मागनं वाद नगं म्हणून आधीच विचारलं."

कसला फोटो, हे मला विचारावं लागलं नाही.

आई उठली. आतनं जुन्या लुगड्यात गुंडाळलेला आमचा फोटो आणि हातोडी घेऊन आली. लुगडं सोडून तिनं फोटो बाईपुढं धरला. बाईनं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि हुंदकाच दिला.

"रडतीस काय येडे?" आईचाही आवाज फुटला होता. तिनं आमचा फोटो त्याच्या खिळ्यावर अडकवला, पदरानं काच पुसली. "चल खाली. आता तुझा लावू."

खाली मी खिळा धरला, नवऱ्यानं हातोडी घेतली. पहिल्याच घावाला भाकरीएवढा पापुद्रा सुटून खाली पडला. नवऱ्यानं घाबरून माझ्याकडं बघितलं.

"ह्यो बारका पडतोय," मी म्हणालो. "मोठा खिळा घ्या."