सरळ दातांचे दाजी

गिअरबॉक्स म्हणजे काय हे आमच्या साडूंनी ज्याला अजून समजावलेलं नाही असा माणूस परभणी जिल्ह्यात शिल्लक असेलच, तर तो एक तर नुकताच जन्मलेला असणार, किंवा आयुष्यात कधी ताडकळसच्या बाजाराला गेलेला नसणार. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि आता तर त्यांचं सगळं गावच त्यांना दाजी म्हणतं. परभणीतल्या एका वर्कशॉपात तीस वर्षं त्यांनी गिअरबॉक्स उघडले आणि मिटले. निवृत्त झाल्यावर पिंगळीपलीकडच्या आपल्या गावी लिंबाखाली पत्र्याचं शेड टाकलं आणि तिथंही तेच सुरू केलं. शेडपाशी कुणी नुसता पाणी प्यायला थांबला तरी दाजी त्याचे दोन्ही हात आपल्या काळ्या हातात घेतात आणि त्याची बोटं एकमेकांत अडकवून दाखवतात. बोटं सरळ ठेवली की सरळ दाताचा गिअर. सगळा दात एकदम येऊन भिडतो, म्हणून गाडी रडल्यासारखा आवाज करते, पण जोर सगळा कामी लागतो. बोटं तिरकी केली की तिरक्या दाताचा गिअर. दात एका टोकाकडून हळूच घुसतो, आवाज होत नाही, पण फिरता फिरता तो शेजारच्याला बाजूला रेटत राहतो. एवढं सांगून होईपर्यंत पाणी प्यायला आलेल्या माणसाची एसटी निघून गेलेली असते.

ही विद्या गाडीपुरती राहिली असती तर आम्ही नातेवाईक सुखी झालो असतो. पण दाजींनी ती माणसांना लावली. सोयरिकीच्या बैठकीत कुणी आडून आडून कुळाची चौकशी करू लागला की दाजी सगळ्यांसमक्ष सांगतात, "जात कशाला बघायलाव, दात बघा. सरळ हाय का तिरका, एवढंच बघा." जो तोंडावर बोलतो, भांडतो, आरडाओरडा करतो पण काम ओढून नेतो, तो सरळ दाताचा. जो गोड हसतो, आवाज काढत नाही आणि हळूहळू तुम्हाला खुर्चीवरून खाली सरकवतो, तो तिरका. माझ्या मुलीला पाहायला आलेला मुलगा दोन तासांत दोनच वाक्यं बोलला. जाताना पाहुणे अजून पायात चपला घालत होते, तोच दाजींनी ओट्यावरून निकाल दिला की मुलगा चांगला हाय, पण तिरका हाय, बेअरिंग सांभाळून रहा. दाजींना कुजबुजता येत नाही. ते कुजबुजले तर पिंगळी स्टेशनावरचा माणूस वळून बघेल. पाहुण्यांनी ते ऐकलं, मुलानेही ऐकलं आणि तो पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला. लग्न झालं. जावई अजून दरवर्षी दाजींच्या पाया पडतो आणि विचारतो, दात सरळ झाले का?

मी शाळामास्तर. बरीच वर्षं मोटारसायकलवर काढून शेवटी एक छोटी गाडी घेतली, तेव्हा पहिला मान म्हणून दाजींना शेजारी बसवून परभणीहून जिंतूरकडे निघालो. गाडी इतकी गुमान चालत होती की मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. दाजी समोर बघत बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "गुरुजी, चालू हाय का?" मी म्हटलं, दाजी, आपण साठच्या वेगाने जातोय. पुढे पुन्हा तेच. जिंतूर येईपर्यंत तीनदा विचारलं. मला त्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. नव्या गाडीला असा टोमणा सख्ख्या भावाचाही मी ऐकून घेतला नसता. घरी येऊन बायकोला सांगितलं की तुझ्या दाजींना दुसऱ्याची गाडी, तिरक्या दातांची का होईना, बघवत नाही.

त्यांची तपासणीची पद्धतही जगावेगळी. बाकीचे मेकॅनिक पेचकसाचं टोक इंजिनाला लावतात आणि मूठ कानाला. दाजी मूठ दातात धरतात. डोळे मिटून, तोंडात पेचकस घेऊन ते बॉनेटवर वाकले की लांबून वाटतं माणूस गाडीला चावतोय. मग पेचकस काढून ते सांगतात ते कधी चुकत नाही. लोक ह्याला सिद्धी समजतात. आणखी एक गोष्ट आम्हाला नवलाची वाटायची. अक्का, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्याशी फार बोलायचीच नाही. खांद्यावर दोन बोटं वाजवायची, हाताने खूण करायची, ताट दाखवायची. दाजी निमूट उठायचे. आमच्या घरात ह्या संसाराचा दाखला दिला जायचा. बघा, अक्काचा काय दरारा आहे, तोंड उघडावं लागत नाही.

आता जीपची गोष्ट. दाजींच्या गावात टेकाडावर विहार बांधायला घेतला, तेव्हा विटा, वाळू, पाण्याच्या टाक्या सगळं दाजींच्या म्हाताऱ्या जीपने वर नेलं. अगदी शेवटच्या खेपेला, भर चढावर पहिल्या गिअरचे दात तुटले. खाली शंभर माणसं जमली आणि त्यांनी ढकलत जीप वर नेली. लोकांना त्यात काही वाटलं नाही, उलट हसत खेळत नेली. दाजी मात्र तीन दिवस शेडबाहेर आले नाहीत. पुढे विहारासाठी संगमरवराची बुद्धमूर्ती यायची ठरली. ट्रकने पिंगळीपर्यंत, तिथून मिरवणुकीने गावात, आणि टेकाडावर जीपने. दाजींनी विहाराच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं की मूर्तीच्या गाडीला मागून एकाही माणसाचा हात लागणार नाही. लागला, तर शेडला कुलूप घालीन. दाजींनी बोललेला शब्द मागे घेतल्याचं गावाच्या आठवणीत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना फिकीर लागली.

जिंतूरच्या भंगारवाल्याकडे दोन गिअरबॉक्स मिळाले. एकाचा पहिला गिअर सरळ दातांचा, जुन्या बांधणीचा. दुसऱ्याचे पुढे जायचे सगळे गिअर तिरके. दाजींचा निर्णय झालेला होता, पण आमच्याकडे निर्णय विहाराच्या बैठकीत होतात. महिला मंडळाने, म्हणजे अक्काने, आधीच ठरवलं होतं की यंदा डीजे नको, बँड नको. बायका वंदना म्हणत चालतील, बाकी सगळं शांत. आणि त्या शांततेत दाजींची जीप पिंगळीपासून ऊंऽऽ करत चालणार? दाजींनी तासभर सरळ दाताची बाजू लढवली. लोकांची बोटं एकमेकांत अडकवून झाली. चढावर तिरका दात स्वतःलाच बाजूला रेटतो, गिअर जागेवर अडकवणारी आमच्या जीपची पट्टी झिजलेली आहे, ती त्याला धरून ठेवू शकणार नाही, गिअर सुटेल, हे त्यांनी सतरंजीवर खडूने काढून दाखवलं. अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि एक हात तिरका करून वर धरला. तिच्या मागे सगळ्या बायकांचे हात तिरके झाले.

"बसवतो," दाजी म्हणाले. "मनापासून बसवतो. पण चढावर सुटला तर मला बोलायचं न्हाई."

आणि त्यांनी खरंच मनापासून बसवला. जे काम आपल्याला पटत नाही ते जास्त चांगलं करायचं, ही ह्या माणसाची खोड आहे. आठ दिवस ते त्या तिरक्या दातांना तेल चोळत होते.

पौर्णिमेला सकाळी सातला पिंगळीहून निघालो. मूर्ती जीपच्या मागच्या भागात, पुढे तोंड करून बसवलेली. तिच्या मागे पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, त्यांच्यामागे सारं गाव. मला दाजींच्या शेजारी मानाची जागा होती, आणि मानाबरोबर कामही होतं. सायकलच्या ट्यूबचं रबर गिअरच्या दांड्याला बांधून त्याचं टोक मी ओढून धरायचं होतं, म्हणजे गिअर सुटणार नाही. आमच्या भागातल्या निम्म्या जुन्या जीपा ह्याच रबरावर चालतात. सपाट रस्त्यावर जीप इतकी शांत चालली की वंदनेचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. अक्का खूष होती. दाजी मात्र घामाघूम. दर फर्लांगाला माझ्याकडे बघून विचारत होते, चालू हाय का. मी त्या दिवशीही मनात चिडलो.

टेकाडाच्या निम्म्या चढावर खट् झालं. रबर माझ्या हातातून सुटून कपाळावर बसलं, गिअर सुटला, दाजींनी ब्रेकवर उभं राहून जीप धरली. कुणीतरी चाकामागे दगड लावला. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, मी दोन्ही हातांनी दांड्याला लटकलो, पुन्हा खट्. वंदना थांबली. मागून वीस-पंचवीस माणसं बाह्या सरसावून आली. ती भल्या मनाची माणसं होती, आणि दाजींचा शब्द त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता.

"हात लावू नका," दाजी म्हणाले. ओरडले नाहीत, म्हणूनच सगळे थांबले.

दगड काढायला लावून त्यांनी जीप हळूहळू खाली सोडली, पायथ्याच्या हापशापाशी मोकळ्या जागेत पूर्ण फिरवली आणि तिची पाठ चढाकडे केली. मला काही उमगेना. त्यांनी गिअरचा दांडा मागच्या घरात टाकला, कपाळ पुसलं आणि हसले. वर्षभरात मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"गुरुजी, दुनियेनं पुढं जायचे दात तिरके केले. मागं यायचे दात अजून सरळच हायत."

आणि जीप ऊंऽऽ करून उठली. रिव्हर्समध्ये, पाठीकडून, एका लयीत ती चढ चढू लागली. मूर्तीआडून दाजींना मागचं दिसत नव्हतं, तेव्हा अक्का धावत चढावर पुढे गेली आणि दोन्ही हात वर करून खुणा करू लागली. डावीकडे, जरा उजवीकडे, ये, ये. दाजी खिडकीतून मान बाहेर काढून तिच्या हातांवरून नजर हलवत नव्हते. आणि इकडे एक गोष्ट घडली जी कुठल्याच बैठकीत ठरली नव्हती. इतका वेळ लोक मूर्तीची पाठ बघत चालले होते. आता मूर्तीचं तोंड त्यांच्याकडे झालं. बायकांनी चालता चालताच हात जोडले. त्यांच्यातल्या एका म्हातारीने क्षणभर गिअरचा तो आवाज ऐकला, मान हलवली आणि नेमक्या त्याच सुरात वंदना उचलली. बाकीच्यांनी तिच्यामागून सूर धरला. चढ संपेपर्यंत गाडीचा आणि गावाचा सूर एकच होता. मला रडू आलं, हे मी कपाळावरच्या रबराच्या टेंगळाच्या नावावर खपवलं.

विहाराच्या दारात जीप थांबली तेव्हा तिला एकाही माणसाचा हात लागलेला नव्हता. "साधु, साधु, साधु," असा गजर झाला तो पिंगळीपर्यंत गेला असेल. दाजींना लोकांनी उचलून घेतलं. अक्काने सगळ्यांदेखत हात सरळ करून वर धरला, आणि त्याच पायरीवर ठराव झाला की दर पौर्णिमेला गावची जीप टेकाडावर उलटीच चढेल. दाजी पुढचे दोन बाजार ताडकळसला शेंगदाणे खात फक्त हेच सांगत होते.

त्या दुपारी जेवण झाल्यावर शेडमध्ये मी त्यांना गमतीने म्हटलं, दाजी, आज तरी कळलं ना, गाडी चालू होती ते. ते माझ्या ओठांकडे बघत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते नेहमीच ओठांकडे बघतात. त्यांनी पेचकस फडक्याने पुसला.

"वर्कशॉपानं कान खाल्ले, गुरुजी. तिरक्या दाताचं मला काईच ऐकू येत न्हाई. इंजिन चालू हाय का बंद पडलंय, कळत न्हाई. सरळ दाताचं तेवढं अजून येतं."

अक्काला हे सुरुवातीपासून माहीत होतं. आम्ही मात्र त्यांच्या दातातल्या पेचकसाला सिद्धी आणि तिच्या हातांच्या खुणांना दरारा म्हणत होतो, आणि जिंतूरच्या रस्त्यावर त्यांनी तीन वेळा विचारलेल्या एका साध्या प्रश्नाला टोमणा समजून मी वर्षभर फुगून बसलो होतो. माझी मला लाज वाटली, आणि तेही मी त्यांना मोठ्याने सांगू शकलो नाही.

आता दाजी माझ्याकडे आले की त्यांना सोडायला मी गाडी काढतो. ती अंगणातून सरळ पुढे घेता येते. पण मी दाजींना शेजारी बसवतो आणि उलटी काढतो, अंगणातून बोळात, बोळातून पार मोठ्या रस्त्यापर्यंत. शेजारी हसतात, बायको खिडकीतून बघत राहते. माझ्या छोट्या गाडीचाही तेवढा एक गिअर सरळ दातांचा आहे, आणि तो बारीक आवाजात ऊंऽऽ करतो. दाजी डोळे मिटून, मान जराशी कलती करून बसतात. मोठा रस्ता आला की मी थोडा वेळ थांबतो, कारण पुढचा गिअर टाकला की त्यांच्यासाठी सगळं शांत होणार असतं.

"चालू हाय," ते म्हणतात, आणि मग मी गिअर बदलतो.