सगळ्यांना विचारलेला चहा

मागच्या डिसेंबरात तुम्ही दोघं आलात, तेव्हा जुन्या पुण्याच्या हेरिटेज वॉकसाठी तुमची नावं मीच नोंदवली होती. रविवारी सकाळी तुम्हाला शनिवारवाड्यापाशी सोडलं आणि त्याच रिक्षानं मी परत फिरले. ‘आजी, तू का नाही येत?’ असं विचारलंत, तर गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात हे खरंच आहे. पण तो फेरफटका मी एकदा केलेला आहे, तुमच्या मावशीआजीबरोबर, आणि पुन्हा करायची माझी इच्छा नाही. का, ते आता क्रमानं लिहिते. क्रम सोडून मला काही सांगता येत नाही, हे तुमचा बाबाही सांगेल.

मावशीआजी म्हणजे माझी मोठी बहीण, माझी ताई. आम्ही तिघं भावंडं. आधी ताई, मग दादा, शेवटी मी. मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका अरुंद गल्लीत वडिलांनी साधं दुमजली घर घेतलं होतं. आम्ही दोघी लग्न होऊन तिथून बाहेर पडलो. आईवडील असेपर्यंत आणि नंतरही दादा-वहिनी तिथेच राहिले, आणि दिवाळीला आम्ही दोघी भाऊबीजेला तिथेच जात असू. काही घरांत भाऊ बहिणीकडे जातो, आमच्याकडे बहिणी माहेरी येत.

तुमचा बाबा कॉलेजात होता त्या सुमाराला, नव्वदनंतर, पुणं झपाट्यानं बदलू लागलं. दादाच्या कारखान्यानं माणसं कमी करायला घेतली आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन तो घरी बसला. मुलाचं इंजिनिअरिंगचं शिक्षण समोर होतं. पेठांमधून बिल्डर फिरत होतेच. जुनं घर पाडायचं, खाली दुकानं काढायची, वर फ्लॅट, त्यातला एक आपल्याला. दादानं ते स्वीकारलं यात गैर काहीच नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

वडिलांच्या घरात मुलींचाही हिस्सा असतो. पण आपल्याकडे अशी वेळ आली की बहिणी हक्कसोडपत्र करून देतात, म्हणजे आपला हिस्सा भावाला सोडून देतात. सक्ती नसते. पण जी बहीण सही करत नाही तिचं माहेर बहुतेक तुटतंच. आम्हा दोघींना हिस्सा नकोच होता. ताईला हवं होतं ते एवढंच, की दादानं कर्वेनगरला तिच्या घरी यावं, दोन घटका बसावं आणि तोंडानं मागावं. दादानं बिल्डरच्या माणसाबरोबर कागद पाठवले.

‘‘सख्ख्या बहिणीकडे काय मागायचं? ती परकी आहे का?’’ हे दादाचं म्हणणं.

‘‘परकी असते तर माणूस पाठवलेला चालला असता,’’ हे ताईचं.

मी दोघांचंही ऐकून घेत असे आणि मला दोघांचंही पटत असे. त्यामुळे माझा कुणालाच उपयोग झाला नाही. ठरलेल्या दिवशी ताई नोंदणीच्या कचेरीत आली, सही केली, अंगठा उठवला, शाई पुसली आणि कुणाशी न बोलता निघून गेली. माहेर तुटू नये म्हणून जी सही करतात ती करूनही तिचं माहेर तुटलं.

नवी इमारत झाल्यावर वास्तुशांतीची पत्रिका तिला पोस्टानं आली. मलाही पोस्टानंच आली होती, पण मी गेले. मी ताईला विचारलं, ‘‘येणार ना?’’ ती म्हणाली, ‘‘छापील बोलावण्याला मी छापील शुभेच्छा पाठवल्यात.’’ मला वाटलं उपहासानं बोलतेय. पण दुकानातून कार्ड आणून तिनं खरंच पाठवलं होतं, आणि दादानं ते टीव्हीवर मांडून ठेवलं होतं. आल्यागेल्याला तो ते दाखवत होता. ‘‘आमच्या भगिनींकडून,’’ म्हणायचा.

मग वर्षं गेली. एकाच शहरात, रिक्षानं जेमतेम अर्ध्या तासावर. ‘‘बोलावलं तर जाईन,’’ असं ती म्हणायची. ‘‘माहेरी यायला बोलावणं लागतं का?’’ असं तो म्हणायचा. भाऊबीजेला मी एकटीच जायचे आणि वहिनी ओवाळणीच्या ताटात आम्हा दोघींच्या म्हणून दोन सुपाऱ्या ठेवायची. नंतर तिनंही एकच ठेवायला सुरुवात केली.

तोवर शहरातली मुलं हिंजवडीला कामाला जाऊ लागली होती, आणि आम्ही ज्या गल्ल्यांतून चपला फटफटवत शाळेत गेलो त्या आता पैसे भरून बघायच्या झाल्या होत्या. एका सकाळी ताईचा फोन आला. पेपरात अशा एका वॉकची माहिती आली होती आणि त्यात आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा जुना हौदही होता.

‘‘आपण जाऊ या,’’ ताई म्हणाली.

‘‘ताई, अगं, आपण तिथे जन्मलो.’’

‘‘म्हणून काय झालं? कुणाच्या घरी जात नाही आहोत आपण. पैसे भरून शहर बघायला जातोय.’’

तिच्या मनात काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं. बोलावणं नसताना त्या गल्लीत पाऊल टाकायचं तर तिला काहीतरी निमित्त हवं होतं. मला ते हुशारीचं वाटलं. वाटलं, एकदा समोरासमोर आले की बाकीचं आपोआप होईल.

वॉक घेणारी मुलगी एका संगणक कंपनीत नोकरी करणारी होती आणि रविवारी हौसेनं हे काम करायची. मोठी गोड मुलगी. ‘‘सो, ही जी लेन आहे ना, ती एकदम टिपिकल आहे,’’ असं बोलायची. आमच्याबरोबर बहुतेक तिच्याच वयाची नोकरदार मुलं होती आणि नागपूरकडून आलेलं एक नवं जोडपं. कसबा गणपती झाला, तांबट आळी झाली. ठोक्यांचा आवाज ऐकून ती मुलं थबकली तसे आम्हीही थबकलो, जणू पहिल्यांदा ऐकत होतो. नागपूरच्या त्या मुलीनं ताईला विचारलं, ‘‘काकू, तुम्ही इथल्याच आहात का जी?’’

‘‘नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘कर्वेनगरच्या.’’

आमच्या गल्लीत शिरल्यावर ताईची चाल मंदावली. घर होतं तिथे पाचमजली इमारत, खाली मोबाइलचं दुकान, एक झेरॉक्सचं. वॉक घेणारी मुलगी हौदापाशी थांबून पेशव्यांच्या काळात कात्रजहून पाणी कसं आणलं ते सांगू लागली. सगळे हौद बघत होते. ताई वर बघत होती. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत एक पंचा वाळत होता.

त्या पंच्याच्या मागून दादा बाहेर आला. हातात पेपर. आमच्याकडे न बघताच त्यानं सुरुवात केली.

‘‘अहो, लोकांना गाड्या काढायच्या असतात. इतिहास कडेला उभं राहूनही कळतो.’’

मग त्याची नजर आमच्यावर आली. पेपराची घडी केली, पुन्हा उघडली.

ताईनं मान वळवली आणि त्या मुलीला, वर ऐकू जाईल अशा आवाजात, विचारलं, ‘‘हे घर कधीचं गं?’’

‘‘हे नवीन आहे, काकू. ह्यात काही हेरिटेज नाही.’’

‘‘बरोबर सांगतेय ती,’’ दादा वरून म्हणाला. ‘‘होतं ते गेलं.’’

‘‘पाडताना विचारलं असेल ना सगळ्यांना?’’ ताई त्या मुलीलाच म्हणाली.

‘‘काकू, ते मला नाही माहिती.’’

‘‘तिला कसं माहिती असणार,’’ दादा म्हणाला. ‘‘ज्यांना माहिती आहे ते बोलत नाहीत.’’

मुलं हसली. त्यांना वाटलं, एक तिरकस पुणेरी म्हातारा फुकटात बघायला मिळाला. मला मात्र हलकं वाटत होतं. इतक्या वर्षांनी ती दोघं एकमेकांशी बोलत होती, मधे एक परकी मुलगी ठेवून का होईना. दादानं कठड्यावर दोन्ही हात टेकले, घसा साफ केला आणि म्हणाला, ‘‘चहा घेणार का सगळे? वर या.’’ उत्तराची वाट न बघता तो आत गेला.

‘‘हाऊ स्वीट,’’ मुलगी म्हणाली. ‘‘पण आपल्याला उशीर होतोय. मंडईत मिसळवाले थांबलेत.’’ तरी एकेकाचे हौदापाशी फोटो काढून होईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली, आणि मग सगळे पुढे निघाले.

मी ताईचा हात धरला. ‘‘ताई, तो आपल्याला म्हणतोय.’’

‘‘सगळ्यांना म्हणाला. ऐकलंस ना? त्या नागपूरकरांनाही म्हणाला.’’

‘‘अगं, त्याला दुसरं कसं म्हणता येणार होतं?’’

‘‘ताई म्हणून हाक मारता येत होती.’’ आणि ती चालू लागली.

वळणावर मी मागे पाहिलं. दादा खाली आला होता. लावलेल्या स्कूटरींच्या मधे ट्रे घेऊन उभा होता, लेंग्यावर आणि बनियनवर. मी हात वर केला. त्यानं ट्रे जरासा उचलला. ताईला मी म्हटलं, ‘‘अगं, बघ तरी.’’ तिनं पाहिलं नाही. तिथून एकटीनं मागे जाणं मला शक्य होतं, आणि मी गेले असते तर कदाचित ताईही आली असती. हे मला अजूनही वाटतं.

त्यानंतर काही दिवस ताई वेगळीच होती. उगाच फोन करायची. ‘‘रंग बरा दिलाय इमारतीला.’’ ‘‘गॅलरीत तुळस दिसली नाही, आत असेल.’’ ‘‘वाळलाय फार.’’ मी म्हटलं, मग फोन कर त्याला. ती म्हणाली, ‘‘आता तो करेल. चहा विचारलाय म्हणजे फोनही करेल. मग जाऊ.’’ तिकडे दादा वहिनीला सांगत होता, की आता एकदा येऊन गेली आहे, पुन्हा येईल. हे वहिनीकडून मला नंतर कळलं. दिवाळी जवळ आली होती. दोघंही भाऊबीजेचा हिशोब धरून असावीत.

दिवाळीच्या आधीच एका पहाटे दादाचं हृदय बंद पडलं.

मी ताईला फोन केला तेव्हा ती लगेच म्हणाली, ‘‘मी निघते.’’ दुःखाच्या घरी बोलावल्याशिवाय जातात, तिथे मानपान नसतो. त्या इमारतीचा जिना ती पहिल्यांदा चढली ती अशी.

दोन-तीन दिवसांनी आम्ही पुन्हा वहिनीजवळ जाऊन बसलो. वहिनी शांत होती. सुतकाच्या घरी चहापाणी घेत नाहीत, म्हणून तिनं विचारलं नाही. बोलता बोलता ती म्हणाली, ‘‘त्या रविवारी आत आले आणि म्हणाले, चहा ठेव. मी म्हटलं, खाली एवढी माणसं, कप कुठून आणू? तर म्हणाले, दोनच कर. एक बिनसाखरेचा.’’

ताईला मधुमेह निघाला तो त्यांचं बोलणं बंद झाल्यानंतर. तिनं त्याला कळवलेलं नव्हतं. मी कधी बोलले असेन तर मला आठवत नाही. ताईनं हातातली पर्स उघडली, त्यात काहीतरी शोधलं, पुन्हा बंद केली. सुतकाच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं, म्हणून आम्ही दोघी नुसत्याच उठलो आणि जिना उतरलो.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, ‘‘तेरावा होऊ दे. वहिनीनं बोलावलं की येऊन जाऊ.’’

वहिनीनं बोलावलं नाही. तिला वाटलं असेल, नणंदेला आणि काय बोलवायचं. पुढे मुलगा येऊन तिला बंगळूरला घेऊन गेला.