धुरी सरांचं गाऱ्हाणं

धुरी सरांनी चपला दाराबाहेर काढल्या, फळ्यासमोर हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बा गुरुत्वाकर्षणा म्हाराजा! आज ही जी काय तुझी लेकरां हंयसर जमली आसत, त्यांची एटीकेटी दूर कर रे म्हाराजा!" आम्ही चौदा जण एकमेकांची तोंडं बघत बसलो. सर वळले. "काय रे, देवळात कधी गाऱ्हाणा आयकूक नाय? व्हय म्हाराजा कोण म्हणतलो, माझो आजो?"

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जण मागणं मांडतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. मालवणच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्रात गटांगळ्या खाल्लेल्यांचा तास सकाळी साडेसातला असे. तो घ्यायला कुणी तयार नसे, म्हणून तो धुरी सरांकडे आला, आणि सरांनी तो गाऱ्हाण्यावरच चालवला. गणिताची एकेक पायरी ते मागण्यासारखी मांडत. नियम एकच होता. "कळला तर व्हय म्हाराजा. नाय कळला तर गप." कुणी गप राहिलं की सर फळा पुसून मागच्या पायरीवर येणार. पण गप कोण राहणार? एकाने व्हय म्हटलं की बाकीच्यांचा आवाज आपोआप चढे.

घरचा अभ्यास ते देत नसत, एसटीचा देत. धामापूरच्या गाडीत आम्ही तिघी असायचो. उतरण्याआधी प्रत्येकीने दुसरीला आजचा धडा समजावून सांगायचा, अशी आज्ञा होती. आमचं ऐकून कंडक्टर आमच्याआधी तयार झाला. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि माणसं पुढे गेली की तो तिकिटं फाडता फाडता म्हणे, "ह्याका जडत्व म्हणतत. भांडू नकात."

माझा हा विषय दोनदा राहिला होता. कारण मला ठाऊक होतं. शाळेपासून कुणीही "कळलं का?" विचारलं की मी सगळ्यांत आधी मान हलवायचे. न कळणं म्हणजे चारचौघांत शोभा, एवढंच मला कळलेलं. शेवटी एका संध्याकाळी बाबांनी सांगून टाकलं, "ह्या खेपेक नापास झालंस तर कॉलेज बंद. बांद्याक मावशेच्या दुकानात बसायचा." मावशीचं बांदा गावातलं दुकान कापडाचं होतं आणि मावशी दिवसभर बोलायची. मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी फरशीवर पोतं अंथरलं. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात सुपारी घेऊन ते टेबलावर चढले. वयाच्या मानाने चांगलेच चढले.

"नारळ जड आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सुपारी हलकी आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"म्हणान नारळ पयलो पडतलो, आणि सुपारी मागसून पडतली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वर्ग दणाणला.

मी मात्र व्हय म्हटलं नाही. बांदा डोळ्यांसमोर होतं आणि खोटा होकार भरायची ताकदच उरली नव्हती. सरांनी वरूनच मला हेरलं.

"गो चेडवा, तू कित्याक गप?"

घाबरून तोंडातून सरळ घरची भाषा बाहेर पडली. "माका कळूक नाय, सर."

वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी दोन्ही हातांतलं एकाच वेळी सोडलं. नारळ आणि सुपारी पोत्यावर एकदमच आदळले. हे आम्ही सगळे नववीत शिकलो होतो, पाठसुद्धा केलं होतं. हसणं जागच्या जागी थांबलं. सर सावकाश खाली उतरले, नारळ उचलला आणि माझ्या बाकावर ठेवला. "हो तुझो. कळूक नाय म्हणणारो पास होतलो. नुसतो व्हय म्हणणारो गाऱ्हाण्याक बरो."

नारळ घेऊन घरी आले. बाबांनी विचारलं, "हो खंयचो?"

"कळूक नाय म्हणून सरांनी दिलो."

बाबा म्हणाले, "मगे तुका अख्खी बाग मिळाक होयी!"

सरांनी मला एक वही करायला लावली. "त्यात उत्तरा लिवू नको. उत्तरा पुस्तकात आसत, ती खंय पळान जावची नायत. तुका काय कळूक नाय, ता लिव." रोज एक तरी प्रश्न लिहायचा आणि तो त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा. पहिले आठ दिवस लाजेने जीव जायचा. मग सवय झाली. पुढे तर इतकी झाली की सर जिन्यात मला बघून वाट बदलत. तिसऱ्या खेपेला मी पास झाले. काठावरच, पण झाले. बाबांनी मावशीला फोन लावला, "दुकानाक दुसरा माणूस बघ गो."

आज मी त्याच कॉलेजात तोच विषय शिकवते. गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. शाल-श्रीफळ नको म्हणाले. "नारळ माझ्या परसात रग्गड आसत. त्यापेक्षा तुझ्या तासाक बसतंय." आणि खरंच येऊन मागच्या बाकावर बसले. मी जीव तोडून शिकवलं, फळा भरून टाकला, सरांकडे बघायचं टाळलं. शेवटी विचारलं, "कळलं सगळ्यांना?"

"हो मॅडम!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मागून एक हात वर झाला. पिकल्या केसांचा विद्यार्थी उठून उभा राहिला होता.

"मॅडम, माका कळूक नाय."

मुलं हसली. सर तसेच उभे राहिले, हात वर, चेहरा अगदी गरीब. हसणं ओसरलं. मग खिडकीजवळच्या एका मुलीचा हात हळूच वर आला. तिच्या शेजारणीचा आला. मग आणखी तिघांचा. माझे डोळे भरून आले, ते मुलांना दिसू नयेत म्हणून मी वळले आणि फळा पुसायला घेतला.