सांधायचं बटण

आमच्या दुकानात संगणकावरच्या बटणांना इंग्रजी नावं नव्हती. रंग ओतायची ती बादली, वळणदार रेघ काढायचा तो गळ, नको तो भाग छाटायची ती कातर आणि दोन अक्षरं मिसळून एक करायचं ते सांधायचं बटण. ही नावं काकांनी ठेवलेली. काका म्हणजे आमचे कटिंगवाले, राई गावच्या मच्छीमार घरातले. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या रेडियमच्या दुकानात ते माझ्याआधी कितीतरी वर्षं होते. डॉक्टरांच्या पाट्या, रिक्षांच्या काचांवरचे देव, राई-उत्तनच्या होड्यांची नावं, असं सगळं चिकटणाऱ्या रंगीत कागदातून मशीनवर कापून द्यायचं, हे आमचं काम.

मी भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकहून डीटीपीचं सर्टिफिकेट फोल्डरमध्ये घालून पहिल्यांदा आले, तेव्हा काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "कागद चांगला हाय," म्हणाले. "आता बस, काम शीक." आज मला जे येतं ते त्यांनीच शिकवलेलं आहे.

मग एका सोमवारी संगणक उघडला, तर सॉफ्टवेअर ओळखू येईना. बादलीतला रंग गेला, कातरीची लाल मूठ गेली. सगळी बटणं बारीक राखाडी रेघांची, इस्त्री फिरवल्यासारखी सपाट. कुणा शहाण्याला वाटलं असेल, की रंग म्हणजे गावंढळपणा. त्याला आमच्या दुकानात एक दिवस बसवायला हवं होतं, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना. मी दुकानाच्या मालकांना, शेठना म्हटलं, जुनं परत आणा. "अब पुराना नहीं मिलता मॅडम," शेठ म्हणाले, "सीख लो, हो जाएगा."

मी चरफडत का होईना, शिकले. बटणावर बाण नेऊन ठेवला की खाली त्याचं नाव येतं. ते वाचायचं आणि पुढे जायचं. काका मात्र अडखळायला लागले. तासाभराच्या कामाला त्यांना अर्धा दिवस पुरेना. वय झालं, दुसरं काय, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मराठी पाटी कापताना सांधणं फार महत्त्वाचं. अक्षरं शेजारीशेजारी बसवली की त्यांच्या शिरोरेघा एकमेकींवर चढतात. त्या सांधल्या नाहीत, तर मशीन प्रत्येक अक्षराच्या कडेने पातं फिरवतं आणि पाटी सोलताना शिरोरेघेचे तुकडे हातात येतात. पूर्वी सांधायच्या बटणावर एक पिवळा आणि एक निळा चौकोन गळ्यात गळा घालून असायचे. आता तिथे तीन बटणं होती, तिन्ही राखाडी, तिन्ही सारखी.

मीरा रोडच्या एका सोसायटीचा बोर्ड होता. सेक्रेटरी न्यायला आले होते. काकांनी पाटी सोलायला घेतली आणि शिरोरेघ तुटून आली. दुसरं बटण दाबून पुन्हा कापली, तर एका अक्षराने शेजारच्या अक्षराचा लचका तोडलेला. माझ्या जिभेला हाड नाही हे घरचे मला नेहमी सांगतात. मी सेक्रेटरींसमोरच ओरडले, "अहो काका, नाव लिहिलेलं येतं ना तिथे! वाचा ना जरा!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, "तं इंग्रजीन येतं, बाय. मना इंग्रजी न्हाय येत."

मग मला एकेक आठवायला लागलं. काका प्रत्येक इंग्रजी नाव गिऱ्हाइकाकडून मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून घ्यायचे. "मागून भांडान नको," म्हणायचे, आणि आम्हाला त्यांच्या शिस्तीचं कौतुक. एकेक अक्षर कागदावर बघून तसंच्या तसं पडद्यावर जुळवत होते ते, इतकी वर्षं, एकही चूक न करता. बटणंही ते चित्रांवरूनच ओळखत होते. मी त्यांची लाज चारचौघांत उघडी केली होती आणि ती खरं तर माझी होती.

दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, "काका, आप काउंटर देखो, मशीन मॅडम देखेगी." काका काउंटरच्या स्टुलावर जाऊन बसले.

नारळी पौर्णिमेला दोन आठवडे उरले होते. काकांच्या भावाने नवी होडी बांधली होती. तिला त्यांच्या आईचं नाव द्यायचं आणि ते काकांनी स्वतः कापायचं, हे दिवाळीपासून ठरलेलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगून झालं होतं. आता त्यांनी एक चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर त्यांच्या वळणदार मराठीत आईचं नाव होतं.

"तूच काढ," म्हणाले.

"मी नाही काढणार," मी म्हटलं. तोंडाने माफी मागायला मला कधी जमलेलं नाही.

दुपारी शेठ जेवायला गेले, तेव्हा मी रेडियमचे रंगीत कपटे घेऊन बसले. पिवळी बादली कापली, लाल मुठीची कातर कापली, गळ कापला. पडद्याच्या चौकटीवर, ज्या त्या बटणाच्या शेजारी, एकेक चिकटवलं. सांधायच्या बटणापाशी एक पिवळा आणि एक निळा चौकोन, गळ्यात गळा घालून. काका स्टुलावरून उठून आले. एकेका चित्रावरून बोट फिरवलं. मग नखाने माझा गळ उपटला.

"ह्यो गळ हाय? ह्याला मासा हसंल," म्हणाले. त्यांनी ब्लेड घेतलं, दुसरा गळ कापला आणि त्या जागी लावला. मग माझ्या खुर्चीत बसता बसता सांगितलं, "माजी आय पन वाचायची न्हाय. खाडीवर उभी राहून होडीचा रंग वळखायची. पिवली, लाल काठाची दिसली की घरी जाऊन चूल पेटवायची."

आईचं नाव त्यांनी पिवळ्यात कापलं, कडेला लाल. मग सोलायला घेतलं. शिरोरेघ सलग आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेठ जेवून परतले, तेव्हा काका मशीनवरच होते. शेठनी चौकटीवरची चित्रं पाहिली, ते नाव पाहिलं आणि काउंटरवर जाऊन बसले.

पौर्णिमेला काकांनी मला राईला बोलावलं. नारळ वाहून झाले होते, होड्या खाडीत लांबवर गेल्या होत्या. त्या सगळ्या एकसारख्याच दिसत होत्या. काका शेजारी येऊन उभे राहिले.

"आमची कंची, सांग."

मी डोळे बारीक केले. मग बोट दाखवलं. "ती, डावीकडची."

"नाव वाचलंस?"

"नाही काका," मी म्हटलं. "एवढ्या लांबून कुठलं वाचता येतंय? नावाच्या पिवळ्या रंगावरून ओळखली."