मिंग कोलापची बिनलग्नाची फळी

जुनी माणसं वाळवलेल्या माशांसाठी किती वेडी होती, हे कळायला आमच्या तळ्यात एकदा बुडी मारावी. खाली त्यांचं शहर आहे आणि घराघराच्या छपरावर मासे वाळवायच्या काळ्या फळ्या आहेत. गुळगुळीत, काचेच्या, उन्हात तव्यासारख्या तापणाऱ्या. एवढाल्या इमारती बांधल्या आणि वरची सगळी जागा माशांना दिली. अशा लोकांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

त्यातल्या काही फळ्या आमच्या पूर्वजांनी वर काढून तरंगत्या घरांपुढे मांडल्या. प्रत्येक फळीला खालून दोन शेपट्या असतात, आत तांबं असलेल्या. सूर्य उगवायच्या आत दोन्ही शेपट्यांची टोकं लाल दोऱ्याने एकमेकींना घट्ट बांधायची आणि अंधार पडला की सोडायची. याला फळीचं लग्न लावणं म्हणतात. ते का लावायचं, हे कुणी विचारत नाही. म्हणजे मिंग कोलाप सोडून कुणी नाही.

मिंग म्हणजे मावशी. माझी सख्खी नव्हे. तळ्यावर सगळ्यांचीच ती मिंग. पन्नाशीची, काटक, आणि बेडूक सोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. लग्न मात्र केलं नाही. आलेल्या प्रत्येक स्थळाला ती इतके प्रश्न विचारायची (होडी डावीकडेच का कलते, भात चावताना डोळे का मिटतोस) की तो ताट अर्धं टाकून वल्ही उचलायचा.

तिची फळी एकच, आणि त्या फळीवरच तिचं पोट. रीत मोडणाऱ्याची फळी खोल पाण्यात बुडवायची, असा नियम आहे. तरी एका सकाळी तिने दोरा बांधलाच नाही. शेजारणीने हटकलं तर म्हणाली, मी बिनलग्नाची राहिले म्हणून माझे मासे कमी वाळले का?

दुपारी ती सोललेले बेडूक मीठ लावून फळीवर मांडत होती. एक ओला बेडूक घसरला आणि नेमका खाली शेपट्यांवर पडला. कंबर एकीवर, पाय दुसरीवर. आणि आतडी काढलेल्या त्या बेडकाने खणखणीत लाथ झाडली.

दुसरं कुणी असतं तर त्याने तळ्यात उडी मारली असती. मिंगने बेडूक उचलला, नीट पाहिला आणि पुन्हा तिथेच ठेवला. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या तळ्यावर पसरली, कारण होडी घेऊन ती स्वतःच घरोघरी सांगत फिरली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ता सारुन आला. रीतीभाती सांभाळणारा हा म्हातारा. सगळे त्याला ता म्हणतात, म्हणजे आजोबा. खांद्यावर चौकड्यांचा पंचा, मागे होड्यांची रांग. मी घाईने पुढे होऊन मिंगच्या कानाशी लागलो. "शेपट्या बांध, माफी माग आणि गप्प बस. फळी वाचेल."

"आणि बेडूक लाथ का मारतो, ते तू सांगणार का मला?"

मी मागे सरलो.

ता सारुन घसा खाकरून म्हणाला, "कोलाप, बेडूक मेला होता ना नक्की?"

"आतडी माझ्या हातात होती, ता. अजून किती मरायचं त्याने?"

होड्यांमधून हसू फुटलं. ताने सर्वांकडे डोळे वटारून सांगितलं की फळीत भूत असतं आणि शेपट्या बांधल्या की ते आत कोंडून राहतं. मिंगने नम्रपणे मान डोलावली.

"असेल भूत. पण ढग आला की ते गप्प बसतं. भुताला उन्हाशी काय देणंघेणं? तुमचा पंचा द्या बघू जरा."

तिने ताजा बेडूक शेपट्यांवर ठेवला आणि फळीवर पंचा पसरला. काही नाही. पंचा झटकन ओढला, आणि लाथ.

"पुन्हा," ता म्हणाला.

पुन्हा लाथ. मग ताने पंचा तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच मांडी ठोकून बसला. पसर, ओढ, पसर, ओढ. बेडूक दमला तेव्हा दुसरा मागवला. आम्ही होड्यांत भाजून निघालो, पण हलला कुणी नाही.

शेवटी शेजारच्या थोननं विचारलं, फळी बुडवायची ना? मिंगच्या जागेवर त्याचा कधीचा डोळा होता.

"बुडवू की," ता म्हणाला. "आधी तुझी आण. भूत हिच्याच फळीत आहे की सगळ्यांच्या, ते नको का बघायला?"

दोरा सोडल्यावर थोनच्या फळीवर बेडकाने जास्तच जोरात लाथ मारली. ताच्या फळीवरही मारली. आता सगळ्याच बुडवायच्या तर मासे काय डोक्यावर वाळवायचे? मिंग फळीच्या कडेवर हात ठेवून ताकडे पाहत होती. ताने बराच विचार केला आणि निवाडा दिला.

"पंचा टाकला की फळीपुरता अंधार पडतो. अंधारात शेपट्या सोडायच्या, ही तर रीतच आहे. नंतर पंचा उडाला, तर तो वाऱ्याचा दोष."

मिंगने फळीवरचा हात उचलला आणि लगेच विचारलं, "ता, तुमच्या फळीची शेपटी माझ्या फळीला जोडली तर?"

तेव्हापासून तळ्यावर वारा पडलेला असला तरी भर दुपारी ता सारुनचा पंचा उडतो.