थेंबही न गळू देणारे मेस्तरी

दिंडोरीच्या मोतीराम मेस्तरींनी दुरुस्त केलेल्या ट्रॅक्टरखाली तेलाचा डाग दाखवणारा माणूस अजून तालुक्यात जन्मायचा होता. निदान मेस्तरींचं म्हणणं तसं होतं. चूक म्हणाल तर त्यांच्या हातून कधी झालीच नव्हती. कधी स्पेअरपार्ट डुप्लिकेट निघे, कधी डिझेल भेसळीचं, आणि काहीच सापडलं नाही तर गिऱ्हाईक तरी बेअक्कल असे.

या कीर्तीला एकच माणूस बधत नव्हतं, आणि ते नेमकं घरातच होतं. नवसाबाई नवऱ्यानं दुरुस्त केलेल्या कुठल्याही गाडीवर बसत नसत. मोटारसायकल दारात धडधडत उभी असायची आणि बाई पिशवी घेऊन खुशाल एसटीच्या थांब्याकडे चालू लागायच्या. मेस्तरींना हे फार लागायचं. सगळा तालुका विश्वास ठेवतो आणि बायको ठेवत नाही, हे दुःख सांगायचं तरी कुणाला?

म्हणून धरणावरच्या खंडेरावानं बोटीच्या इंजिनाच्या सर्व्हिसिंगला बोलावलं, तेव्हाच मेस्तरींनी ठरवून टाकलं, की या बोटीत बायकोला बसवायचंच. द्राक्षबागा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना खंडेराव त्या बोटीतून फिरवून आणायचा. इंजिन लहानसंच, डिझेलचं, बोटीच्या पोटात बसवलेलं. मेस्तरींनी ऑइल बदललं, फिल्टर बदलले, नोझल साफ केला. इथवर सगळं ओळखीचं होतं. मग त्यांची नजर मागे गेली. पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा जिथून बोटीबाहेर पडतो, तिथे पाणी आत येऊ नये म्हणून ग्रीस लावलेली दोरी ठासलेली होती, आणि तरीही तिथून थेंब थेंब पाणी टपकत होतं.

"तेवढं असू द्या मेस्तरी," खंडेराव म्हणाला. "आधीचा मेस्तरी म्हणायचा, चालताना थोडं ठिबकलंच पायजे."

"म्हणून तर तो आधीचा झाला," मेस्तरी म्हणाले, आणि नवी दोरी ठासून त्यांनी नट असे आवळले की थेंबाची काय बिशाद!

रोजची भुणभुण ऐकून नवसाबाई शेवटी बोटीत बसायला कबूल झाल्या, पण खंडेराव सोबत असेल तरच. बोट निघाली. काठ दूर गेला तसा जळक्या सुतळीसारखा वास येऊ लागला.

"काहीतरी जळतंय," नवसाबाई म्हणाल्या.

"कुणी बांध पेटवला असंल," मेस्तरी म्हणाले.

मग मागून धूर आला, इंजिन कण्हलं आणि भर पाण्यात बंद पडलं. मेस्तरींनी तळाची फळी उचलून दांड्यापाशी हात नेला आणि चटका बसून मागे घेतला. त्यांच्या लख्ख ध्यानात आलं. ते टपकणारं पाणीच फिरत्या दांड्याला थंड ठेवत होतं, आणि यांनी तेच बंद केलं होतं.

"दोरीच खराब लागली असंल," खंडेराव भल्या मनानं म्हणाला.

आयता रस्ता मिळाला होता. मेस्तरींच्या ओठावर "हां, हल्ली माल असाच येतो" हे आलंसुद्धा. पण समोर नवसाबाई दोन्ही हातांनी बसायची फळी घट्ट धरून बसल्या होत्या. त्या खरोखर घाबरल्या होत्या. मेस्तरींना स्वतःची फार लाज वाटली.

"दोरी चांगली हाय," ते म्हणाले. "मीच जास्त आवळलं. माझं चुकलं."

नट सैल केले, तांब्यानं पाणी ओतून दांडा निववला, हातानं फिरवून पाहिला. थेंब टपकू लागला आणि इंजिन सुरू झालं. खंडेरावानं बोट काठाकडे वळवली.

"इतक्यात कशाला?" नवसाबाई म्हणाल्या. "त्या टेकडीपत्तुर न्या की."

मेस्तरी बघतच राहिले. "भ्या नाय वाटत?"

"मघापत्तुर वाटत व्हतं. ज्याला सोताची चूक दिसतच नाय, त्याच्या भरवशावर कसं बसायचं? आज दिसली तुम्हाला."

त्यांनी फळीवरचे हात सोडले आणि पदरात बांधून आणलेल्या शेंगा मेस्तरींपुढे धरल्या.