कमलताईचा लोड

बातमी सांगणाऱ्यावर आधी संशय घ्यायचा, ही सवय मला कमलताईनंच लावली. म्हणून पिंगळीहून तिच्या पुतण्याचा फोन आला, "मावशी, काकू गेली," तेव्हा रडण्याआधी मी विचारलं, "नाडी कुणी पाहिली?" पोरगा गांगरला. म्हणाला, "काकानं. गाडी येईस्तोवर काकाच छाती दाबायलते… पण न्हाई उठली." फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो हा, की भाऊजींना, तिच्या नवऱ्याला, धड दाबता आलं असेल का? मैत्रीण गेली आणि मला हे सुचावं, याचा स्वतःचाच राग आला. पण ती असती तर तिनंही हेच विचारलं असतं.

आम्ही दोघी एकाच सरकारी दवाखान्यात नर्स. ती सीनियर, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणारी. पेशंट म्हणाला गोळी घेतली, की हिचा हात त्याच्या उशीखाली गेलाच. मी आणून दिलेली औषधाची बाटलीसुद्धा उजेडात धरून वाचायची. एकदा मी चिडले. "ताई, माझ्यावर बी भरोसा न्हाई का?" तर म्हणते, "तुझ्यावर हाय गं. बाटलीवर न्हाई."

आम्हा नर्सना दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी कार्यशाळांना बसून क्रेडिट तास जमवावे लागतात. ज्यांनी अशी कार्यशाळा पाहिली नाही त्यांना सांगते : सकाळी सही, पोहे, दीपप्रज्वलन, सत्कार, मग पडद्यावरच्या स्लाइड, जेवण आणि शेवटी प्रमाणपत्र धरून फोटो. त्या वर्षी परभणीच्या एका हॉलमध्ये, हृदय थांबलं तर छाती कशी दाबायची ते शिकवणार होते. त्यासाठी रबरी पुतळा आणला होता, पण प्लास्टिकच्या वेष्टनात तसाच ठेवलेला. महागाचा ना, हात लागून खराब होईल! सरांनी वरूनच हातवारे केले, आम्ही माना डोलावल्या. मागच्या रांगेतून कमलताई उठली. "सर, प्लास्टिक काढा. आमाला दाबून बघायचंय." सर हसले. "सिस्टर, क्रेडिट मिळणार आहेत ना तुम्हाला?" ही म्हणाली, "क्रेडिट भेटायलेत हो. हाताला काय भेटलं?" सगळा हॉल हसला, मीही हसले. प्लास्टिक काही निघालं नाही.

मग तिनं घरातला लोड काढला. दिवाणावर टेकायला असतो तो, कापूस ठासून भरलेला. दर रविवारी जेवणानंतर तो जमिनीवर यायचा आणि ही त्याच्याशेजारी गुडघे टेकून, छाती समजून तो दाबायची. हिचं झालं की भाऊजींची पाळी. येलदरीला धरणावर नोकरी करून रिटायर झालेला माणूस, घरात पाण्याचा तांब्या कधी स्वतः उचललेला नाही… त्याच्यामागं ही हेडमास्तरणीसारखी उभी. "कोपर सरळ. तुमी दाबायलाव का कुरवाळायलाव? पुन्हा करा." मी म्हणाले, "ताई, ह्यांना कशाला छळतीस?" तर शांतपणे म्हणाली, "मला काही झालं तर घरात दुसरं कोण हाय?" प्रमाणपत्रावर तिचा विश्वास नव्हता, आणि नवऱ्याच्या हातावरही नव्हता. त्यांना तिनं कधी 'बरोबर' म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

तिच्या मागं केलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तिची भावजय बायकांत बसून बोलत होती. "बरगड्या मोडल्या म्हणं. दाबून दाबूनच मारलं त्यानं." भाऊजी दारातच उभे होते, त्यांनी ऐकलं. मी सांगितलं, की नीट जोरानं दाबलं तर बरगडी मोडू शकते, त्यात नवल नाही. बाईनं माझ्याकडंही संशयानं पाहिलं. आणि खरं सांगू? माझंही मन स्वच्छ नव्हतं. चुकीच्या जागी दाबलं तरी बरगडी मोडतेच की.

परवा मी पिंगळीला गेले. भाऊजींनी स्वतः चहा केला. कप ठेवला आणि दिवाणावरचा लोड ओढून जमिनीवर घेतला. मधोमध चांगला खड्डा पडलाय त्याला, दोघांच्या हातांचा.

"शोभाताई, एकदा बघा. तिच्या म्हायेरचे म्हणायलेत ते खरं असंल तर मला कळाया पाहिजे. मन राखू नका."

ते दाबायला लागले. मन राखायला मी गेलेच नव्हते. मी चूक शोधत होते, अगदी कमलताईच्या डोळ्यांनी. तळहात कुठं टेकलाय, कोपर वाकतंय का, दाबल्यावर छातीला वर यायला जागा देतात का… त्यांच्या कपाळावरचा घाम लोडावर पडत होता. कुठंच चूक नव्हती. मला रडू आवरेना.

"भाऊजी, थांबा. बरोबर आहे. तुमचं काही चुकलं नाही."

ते थांबले. माझ्याकडं बघत राहिले, कमलताई बाटलीकडं बघायची तसे.

"नीट बघितलं का?"

"बघितलं."

"न्हाई… आणखी एकदा बघा," ते म्हणाले आणि कोपर सरळ करून त्यांनी पुन्हा त्या खड्ड्यावर हात टेकले.